आयझेनहॉवर यांचा जमाखर्च : सेनापती, राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची भाषणे

पानगळ (धागाकर्ता) :

१७ जानेवारी १९६१ च्या रात्री अमेरिकेचे मावळते राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी दूरचित्रवाणीवरून देशाचा निरोप घेतला. शासनाच्या सल्लामसलतीत लष्करी-औद्योगिक युतीचा अवाजवी प्रभाव शिरणार नाही, मग तो कोणी मुद्दाम मिळवलेला असो वा नकळत आलेला असो, याबद्दल आपण सावध राहिले पाहिजे, असे ते त्या भाषणात म्हणाले. गेली साठ वर्षे हे वाक्य युद्धविरोधी मंडळींच्या आणि सरकारवर मुळातच संशय घेणाऱ्यांच्या सारखेच तोंडी आहे. त्याचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा, की सारे आयुष्य लष्करात काढलेल्या माणसाला अखेरीस उपरती झाली आणि जाता जाता त्याने खरे काय ते सांगून टाकले. मला हा अर्थ पटत नाही. १९५३ पासूनची त्यांची भाषणे, पत्रकार परिषदांतली उत्तरे आणि त्याच वर्षांची संरक्षणविषयक धोरणे शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर युद्धाच्या किमतीचा एकच हिशेब ते सतत मांडत होते असे दिसते. त्यांची उत्तम भाषणे त्या हिशेबातून आली आणि त्यांच्या कारकिर्दीतली काळी कृत्येही त्यातूनच आली, असे माझे मत आहे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात चरित्र. जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधल्या डेनिसन येथे. बालपण कॅन्ससमधल्या ॲबिलीन या गावी, सात भावांपैकी तिसरे. वडील लोण्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि ड्वाइट यांनीही तेथे रात्रपाळी केली. आई कट्टर धार्मिक आणि युद्धाच्या विरोधात, तरीही मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी प्रबोधिनीत गेला, कारण तेथे शिक्षण फुकट होते. १९१५ साली १६४ जणांच्या तुकडीत ते ६१ वे आले. पहिल्या महायुद्धात त्यांना फ्रान्सला पाठवले नाही. गेटिसबर्गच्या छावणीत ते रणगाडा दलाच्या सैनिकांना शिकवत राहिले. १९२१ च्या जानेवारीत त्यांचा तीन वर्षांचा पहिला मुलगा लोहितज्वराने गेला. पुढे सोळा वर्षे ते मेजरच्याच हुद्द्यावर होते. पनामात फॉक्स कॉनर यांच्या हाताखाली त्यांनी लष्करी इतिहासाचा कसून अभ्यास केला, १९२६ साली लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजात पहिला क्रमांक मिळवला आणि नंतरची बरीच वर्षे मॅकआर्थर यांच्या कचेरीत, आधी वॉशिंग्टनला व मग फिलिपीन्समध्ये, काढली. फायली, पुरवठा, अंदाजपत्रके आणि वरिष्ठांची भाषणे लिहून देणे हे त्यांचे काम. त्यांच्या पुढच्या सगळ्या बोलण्याची जडणघडण या कचेरीत झाली, हे चरित्रे वाचताना सहज निसटते, कारण वाचकाला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोचण्याची घाई असते.

नॉर्मंडीच्या निमित्ताने मात्र एका चिठ्ठीपाशी थांबायला हवे. ५ जून १९४४ च्या पहाटे पोर्ट्समथजवळच्या साउथविक हाउसमध्ये हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी वादळात थोडी उघडीप मिळेल असा अंदाज दिला आणि मित्रसैन्याचे सरसेनापती असलेल्या आयझेनहॉवर यांनी दुसऱ्या दिवशीच्या, जर्मनव्याप्त फ्रान्सवरच्या स्वारीचा हुकूम सोडला. त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने एक छोटे निवेदन लिहून पाकिटात ठेवले. स्वारी फसली तर प्रसिद्ध करण्यासाठी. शेर्बूर-हाव्र भागात आमच्या सैन्याला पाय रोवता आले नाहीत, एवढे लिहिल्यावर ‘सैन्य मागे घेण्यात आले आहे’ असे शब्द आधी आले होते. ते खोडून त्यांनी ‘मी सैन्य मागे घेतले आहे’ असे केले. भूदल, विमानदल आणि नौदल यांनी शौर्य व कर्तव्यनिष्ठा यांना शक्य होते ते सर्व केले. दोष असेल तर तो एकट्या माझा, असा शेवट केला आणि ‘एकट्या माझा’ या शब्दांखाली रेघ ओढली. ताणाखाली तारीख चुकून ५ जुलै पडली आहे. ही चिठ्ठी वापरावी लागली नाही आणि काही आठवड्यांनी ती त्यांच्या नौदल सहायकाच्या हाती पडली म्हणून उरली. ७ मे १९४५ रोजी जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी विजयवार्तेचे भारदस्त मसुदे तयार केले होते. ते सारे बाजूला सारून त्यांनी कळवले, की या सेनेवर सोपवलेली कामगिरी स्थानिक वेळेनुसार रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी पूर्ण झाली. इतकेच.

आता राष्ट्राध्यक्षपद. १९५२ ची निवडणूक त्यांनी ‘मी कोरियाला जाईन’ या एका आश्वासनावर पक्की केली. डिसेंबरात ते गेले आणि २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी झाली. दरम्यान ५ मार्चला स्टालिन वारले. १६ एप्रिल १९५३ रोजी वॉशिंग्टनमध्ये वृत्तपत्रसंपादकांच्या संस्थेपुढे आयझेनहॉवर यांनी केलेले भाषण हे माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम भाषण आहे, निरोपाच्या भाषणाहून सरस. त्या दिवशी त्यांना पोटात भयंकर कळा येत होत्या आणि मजकुराचा काही भाग गाळून त्यांनी ते कसेबसे पुरे केले. बनवलेली प्रत्येक तोफ, पाण्यात सोडलेली प्रत्येक युद्धनौका आणि उडवलेले प्रत्येक अग्निबाण ही अखेरच्या अर्थाने, जे भुकेले आहेत आणि ज्यांना अन्न मिळत नाही, जे गारठले आहेत आणि ज्यांना वस्त्र नाही, त्यांच्याकडून केलेली चोरी आहे, असे ते म्हणाले. पण चांगल्या वक्त्याला एवढे सुचते. त्यापुढे आला तो कचेरीतला मेजर. एका आधुनिक बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत प्रत्येकी एक पक्की शाळा, किंवा प्रत्येकी साठ हजार वस्तीच्या गावाला पुरेल अशी दोन वीजकेंद्रे, किंवा सर्व सोयींनी युक्त दोन इस्पितळे, किंवा सुमारे पन्नास मैलांचा काँक्रीटचा रस्ता. एका लढाऊ विमानासाठी पाच लाख बुशेल गहू. एका विनाशिकेसाठी आठ हजारांहून अधिक लोकांची घरे. शांततेबद्दल सगळेच राष्ट्रप्रमुख बोलतात, पण तिची दरपत्रिका वाचून दाखवणारे फार थोडे.

या दरपत्रिकेवरूनच त्यांचे संरक्षण धोरण ठरले आणि ‘न्यू लुक’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. खडे सैन्य महाग, अण्वस्त्रे तुलनेने स्वस्त, आणि गुप्तहेर खात्याची कारस्थाने सर्वांत स्वस्त, असा तो रोकडा हिशेब होता. भूदल पंधरा लाखांवरून नऊ लाखांच्या खाली आले. आठ वर्षांत तीनदा शिलकी अंदाजपत्रक मांडता आले. पण अण्वस्त्रांचा साठा सुमारे हजारांवरून अठरा हजारांच्या पुढे गेला. ज्यांचे सैन्य कापले जात होते ते भूदलप्रमुख रिजवे आणि त्यांच्यानंतरचे मॅक्सवेल टेलर हे दोघेही उघड नाराज होऊन निवृत्त झाले. १९५६ साली बालमित्र हॅझलेट यांना लिहिलेल्या पत्रात आयझेनहॉवर यांनी म्हटले आहे, की कधीतरी माझ्या खुर्चीत लष्कराबाहेरचा माणूस बसेल आणि लष्करी मागण्यांत कोठे कात्री लावली तर फारसे बिघडत नाही हे त्याला कळणार नाही. निरोपाचे भाषण मला या पत्राचा विस्तार वाटते.

त्यात १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला. क्षेपणास्त्रांत आपण मागे पडलो असा गिल्ला सुरू झाला. काँग्रेस, विमान कंपन्या, हवाईदलाचे सेनापती आणि वृत्तपत्रे यांचा सूर एकच होता, आणि १९६० च्या निवडणुकीत केनेडींनी ही तथाकथित तफावत प्रचाराचा मुद्दा केली. आयझेनहॉवर यांच्याकडे १९५६ च्या जुलैपासून रशियावर उडणाऱ्या यू-टू हेरविमानांनी काढलेली छायाचित्रे होती आणि तफावतीच्या आरोळीला त्यांत आधार नव्हता. पण ती छायाचित्रे कोठून आली हे सांगता येत नसल्याने त्यांना गप्प बसावे लागले. केनेडींचे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी सत्तेवर आल्यावर महिनाभरातच तशी तफावत नसल्याचे पत्रकारांना सांगितले. निरोपाच्या भाषणातल्या त्या वाक्याच्या आगेमागे पस्तीस लाख माणसे संरक्षण व्यवस्थेत गुंतल्याचा आणि साऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या निव्वळ नफ्याहून अधिक खर्च दरसाल संरक्षणावर होत असल्याचा उल्लेख आहे. संतापलेला कारकून शेवटी खतावणीच उघडून दाखवतो, तसे ते आहे.

सह्यकडा :

मांडणी आवडली, पण एक शंका आहे. १९४६ च्या जानेवारीत ओटावा येथे आयझेनहॉवर म्हणाले होते, की युद्ध जगलेला सैनिकच ज्या तीव्रतेने युद्धाचा तिरस्कार करू शकतो तसा मी करतो. त्यातले क्रौर्य, वैफल्य आणि मूर्खपणा मी पाहिला आहे. १९४२ पर्यंत या गृहस्थांनी एकाही लढाईत तुकडीचे नेतृत्व केलेले नव्हते आणि खंदकात तर ते कधीच नव्हते. मग ‘युद्ध जगलेला सैनिक’ हे बिरुद त्यांना कितपत शोभते? पॅटन किंवा माँटगमरी या सेनापतींना हे म्हणण्याचा अधिकार अधिक होता, आणि त्या दोघांनी तसे काही म्हटलेले मला आठवत नाही.

पानगळ (धागाकर्ता) :

शंका रास्त आहे आणि त्यांच्या हयातीतही ती घेतली गेली होती. माँटगमरी तर त्यांच्या रणनीतीच्या आकलनाबद्दल जाहीरपणे तुच्छतेने बोलत. पण ‘पाहिले’ हा शब्द पोकळ नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी ते पॅटन आणि ब्रॅडली यांच्यासह ओरड्रुफच्या छळछावणीत गेले. तेथल्या एका खोलीत उपासमारीने मेलेल्यांची प्रेते रचून ठेवली होती. पॅटन आत गेले नाहीत, आयझेनहॉवर गेले. तीन दिवसांनी भूदलप्रमुख जॉर्ज मार्शल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारण दिले आहे, की पुढेमागे या गोष्टींना निव्वळ प्रचार म्हणण्याची प्रवृत्ती बळावली तर प्रत्यक्ष साक्ष देता यावी म्हणून मी ही भेट मुद्दाम घेतली. लगोलग त्यांनी खासदारांना आणि संपादकांना छावण्या दाखवण्याची मागणी केली. पुरावा कागदावर आणि साक्षीदार जागेवर असला पाहिजे, ही सवयही त्या कचेरीचीच.

शिवाय त्याच वर्षी १२ जूनला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये सत्कार स्वीकारताना ते म्हणाले होते, की अनुयायांच्या रक्ताने आणि मित्रांच्या बलिदानाने मिळालेला गौरव ज्याच्या वाट्याला येतो, त्याच्या वाट्याला नम्रता आलीच पाहिजे. आपण लढलो नाही, लढवले, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

उत्तररात्र :

लेख वाचताना मला सतत एक गोष्ट खटकत राहिली. तेहरान आणि ग्वाटेमाला सिटी यांची नावे त्यात कोठेच नाहीत. ‘गुप्तहेर खात्याची कारस्थाने सर्वांत स्वस्त’ या चार शब्दांत ती गुंडाळली गेली आहेत.

१६ एप्रिल १९५३ च्या त्या भाषणातच कोणत्याही राष्ट्राला आपल्या पसंतीचे सरकार आणि अर्थव्यवस्था निवडण्याचा अधिकार आहे, असे तत्त्व आयझेनहॉवर यांनी सांगितले होते. त्यानंतर चार महिन्यांनी, १९ ऑगस्ट १९५३ रोजी, इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार अमेरिकी व ब्रिटिश गुप्तहेरांच्या कटातून उलथवले गेले. मोसाद्देक यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले होते, हा त्यांचा गुन्हा. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ग्वाटेमालाचे निवडून आलेले अध्यक्ष आर्बेन्स यांची पाळी आली; त्यांनी जमीन सुधारणा कायदा करून युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेतली होती. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि गुप्तहेर खात्याचे प्रमुख ॲलन डलेस हे सख्खे भाऊ, आणि दोघेही पूर्वी ज्या वकिली पेढीत होते तिची युनायटेड फ्रूट ही अशील. लष्कर आणि उद्योग यांच्या युतीचा इशारा देणाऱ्या माणसाच्या मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती उद्योग आणि हेरगिरी यांची ही युती बसलेली होती.

ग्वाटेमालाच्या वेळचा एक प्रसंग तर तुमच्याच सिद्धान्ताला धरून आहे. बंडखोरांची विमाने पडली तेव्हा नवी विमाने द्यावीत का, यावर बैठक झाली. विमाने दिली तर यशाची शक्यता किती, असे आयझेनहॉवर यांनी ॲलन डलेस यांना विचारले. सुमारे वीस टक्के, असे उत्तर आले. न दिली तर शून्य. त्यांनी विमाने दिली. पुढे ते म्हणाले, की तुम्ही नव्वद टक्के सांगितले असते तर निर्णय घेणे मला अधिक अवघड गेले असते. लोक ही कथा डलेस यांच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगतात. मला तीत हे दिसते, की एका देशाचे सरकार पाडावे की नाही हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलाच नाही. त्या देशात पुढे जे दीर्घ यादवी युद्ध पेटले, त्यातली माणसे कोणत्या खात्यात खर्ची टाकायची?

जुना नकाशा :

भारताच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५४ च्या फेब्रुवारीत आयझेनहॉवर यांनी पाकिस्तानला लष्करी मदत जाहीर केली आणि ही मदत भारताविरुद्ध नाही असे पत्र नेहरूंना पाठवले. नेहरूंनी ते मानले नाही, आणि १९६५ साली ती शस्त्रे कोठे वापरली गेली ते आपण जाणतोच. येथेही तर्क स्वस्ताईचा होता : स्वतःचे सैन्य ठेवण्यापेक्षा मित्रराष्ट्रांना शस्त्रे देणे परवडते. त्या मैत्रीच्या बदल्यात अमेरिकेला पेशावरजवळचा तळ मिळाला. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्स यांचे यू-टू विमान पेशावरहूनच उडाले आणि रशियात पाडले गेले. आपल्याकडे त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यामुळे मराठी वाचकाला ती तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी लागत नाही.

आणखी तीनच दिवसांनी, ४ मे १९६० रोजी, वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांनी भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांच्यासह धान्यकरारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, किंमत बव्हंशी रुपयांत फेडायची. संयुक्त महाराष्ट्राला कडाडून विरोध केलेले पाटील राज्यस्थापनेच्या त्या आठवड्यात सातासमुद्रापार गव्हाचे बोलणे करत होते, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटतो. परदेशांना शिलकी धान्य देण्याच्या ज्या पीएल-४८० कायद्याखाली हा करार झाला तो आयझेनहॉवर यांनीच १९५४ साली मंजूर केला होता. रेशनच्या रांगेत उभे राहून लाल गहू आणलेल्या पिढीला हे आकडे कोरडे वाटणार नाहीत. या मदतीने दुष्काळी वर्षे निभावली हे खरे. स्वस्त आयात धान्यामुळे आपल्या शेतमालाचे भाव पडले आणि शेतीकडे दुर्लक्ष झाले, ही टीकाही तितकीच खरी आहे. एका लढाऊ विमानासाठी पाच लाख बुशेल गहू, असे म्हणणाऱ्या माणसाच्या देशात त्या वेळी कोठारे गव्हाने ओसंडून वाहत होती, ही बाब त्या भाषणात अर्थातच नाही.

अणुऊर्जेचेही असेच. ८ डिसेंबर १९५३ च्या संयुक्त राष्ट्रसंघातल्या भाषणात त्यांनी शांततेसाठी अणू ही कल्पना मांडली. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली ती ब्रिटिश इंधनावर. पण तिच्या शेजारच्या सायरस या कॅनडाने दिलेल्या अणुभट्टीसाठी जड पाणी अमेरिकेतून आले. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीतले प्लुटोनियम याच सायरसमधले. आपल्या भाषणाचे हे फळ पाहायला आयझेनहॉवर नव्हते, कारण २८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले होते.

१९५९ च्या डिसेंबरात ते दिल्लीला आले. भारतात आलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. त्यांनी संसदेपुढे भाषण केले आणि रामलीला मैदानावर नेहरूंसह प्रचंड सभा घेतली. ती भाषणे मी वाचली आहेत. सौजन्याची आहेत, यापलीकडे सांगण्यासारखे त्यांत फारसे नाही.

सह्यकडा :

त्यांच्या पत्रकार परिषदांचा उल्लेख धाग्यात हवा होता. अडखळणारी, कर्ता हरवलेली वाक्ये बोलणारे आजोबा, अशी त्यांची प्रतिमा वृत्तपत्रांनी रंगवली आणि विद्वानांनी ती खरी मानली. १९५५ च्या मार्चमध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या क्वेमॉय आणि मात्सू बेटांवरून तंग वातावरण होते. १६ मार्चला त्यांनी स्पष्ट सांगितले, की निव्वळ लष्करी लक्ष्यांवर अण्वस्त्रे बंदुकीच्या गोळीसारखी का वापरू नयेत हे मला समजत नाही. जगभर खळबळ उडाली. आठवड्याने पुढची परिषद होती. हा विषय निघाला तर काहीच बोलू नका, असे परराष्ट्र खात्याचे म्हणणे वृत्तसचिव हॅगर्टी यांनी कळवले, तेव्हा ते म्हणाले, ‘काळजी करू नकोस जिम, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकेन.’ प्रश्न आला. मग त्यांनी युद्धात मनुष्यस्वभाव हीच सर्वांत बदलती आणि तीच एकमेव न बदलणारी गोष्ट कशी असते आणि प्रत्येक युद्ध आपल्याला कसे चकित करते, असे लांबलचक उत्तर दिले. पत्रकारांना त्यातून काही लागले नाही, आणि बीजिंगलाही लागले नसणार. ॲबिलीनच्या ग्रंथालयातली त्यांची खासगी टिपणे आणि पत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाली तेव्हा त्यांतले गद्य स्वच्छ आणि टोकदार असल्याचे दिसले. दुसऱ्यांच्या मसुद्यांतली शब्दांची चूक ते चटकन पकडत.

खारीचा वाटा :

आर्कन्सॉ राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळाप्रकरणाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. १७ जुलै १९५७ च्या पत्रकार परिषदेत आयझेनहॉवर म्हणाले होते, की न्यायालयाचे हुकूम अमलात आणण्यासाठी केंद्राची फौज पाठवावी लागेल अशी परिस्थिती मला कल्पनेतही दिसत नाही. सप्टेंबरात आर्कन्सॉच्या राज्यपालांनी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेबाहेर रोखले, जमाव हिंसक झाला, आणि २४ सप्टेंबरला आयझेनहॉवर यांनी १०१ व्या हवाई डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक पाठवले. नॉर्मंडीच्या स्वारीच्या आदल्या संध्याकाळी ग्रीनहॅम कॉमनच्या धावपट्टीवर ज्यांच्याशी ते एकेकाला गाव विचारत बोलले होते, ती हीच डिव्हिजन.

त्या रात्रीच्या भाषणात ते म्हणाले, की न्यायालयाच्या निर्णयाबद्दलच्या आपल्या व्यक्तिगत मतांचा त्याच्या अंमलबजावणीशी काही संबंध नाही. वाक्य घटनात्मकदृष्ट्या निर्दोष आहे. पण १९५४ चा शाळांमधली विभागणी रद्द करणारा निर्णय योग्य आहे, एवढे एक वाक्य त्यांनी राष्ट्राध्यक्षपदावर असताना जाहीरपणे कधीच उच्चारले नाही. तोफांच्या बदल्यात किती शाळा होतील हे मोजणाऱ्या माणसाने त्या शाळांच्या दारात कोण उभे राहू शकते याबद्दल तोंड उघडू नये, हे मला फार लागते. दोष एकट्याचा म्हणून स्वतःकडे घेणारा सेनापती येथे कोठे गेला?

पानगळ (धागाकर्ता) :

खारीचा वाटा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही. आदेशाची अंमलबजावणी हा त्यांचा पिंड होता. नैतिक बाजू घेऊन लोकमत घडवणे हे राष्ट्राध्यक्षाचे काम आहे असे त्यांना वाटतच नसे. १९५२ च्या प्रचारात मिलवॉकीला त्यांनी, मार्शल यांच्यावर तुटून पडणाऱ्या कम्युनिस्टविरोधी सिनेटर मॅकार्थींच्या उपस्थितीत, मार्शल यांची बाजू घेणारा परिच्छेद भाषणातून गाळला होता. ज्या मार्शल यांनी त्यांना वर आणले, त्यांचा. ओरड्रुफचे पत्र लिहिणारा आणि हा परिच्छेद गाळणारा माणूस एकच.

उत्तररात्र, तुम्ही म्हणता तो मुद्दा मी थोडक्यात उरकला हे खरे, पण माझा युक्तिवाद त्याने अधिक पक्का होतो. १९५६ च्या सुएझ प्रकरणात इजिप्तवर हल्ला करणाऱ्या ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्या विरोधात जाताना ३१ ऑक्टोबरला ते म्हणाले, की विरोधकांसाठी एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आणि मित्रांसाठी दुसरी असेल तर कायदा उरणार नाही. हे त्यांनी मतदानाला आठवडा उरला असताना सांगितले आणि मित्रांवर आर्थिक दडपण आणून ते निभावलेही. उघड आक्रमणाची किंमत त्यांना दिसत होती, छुप्या आक्रमणाची दिसत नव्हती, कारण तेहरानला झालेला खर्च त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कोठेच जाणवण्याइतका नव्हता. बिल १९७९ साली इराणी क्रांतीच्या रूपाने आले.

उत्तररात्र :

‘दिसत नव्हती’ हे मला मान्य नाही. यू-टू पाडले गेल्यावर आधी ते हवामानाचे विमान होते असे खोटे निवेदन निघाले, आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जिवंत वैमानिक पुढे केल्यावर ११ मे १९६० च्या पत्रकार परिषदेत आयझेनहॉवर यांनी हेरगिरीची जबाबदारी स्वतःवर घेतली. पॅरिसची शिखर परिषद त्यापायी मोडली. म्हणजे छुप्या कामाची किंमत किती जबर असते हे त्यांना मे महिन्यात पुरते कळले होते. तरीही त्याच वर्षी मार्चमध्ये मंजूर केलेली, क्यूबातले कॅस्ट्रो यांचे सरकार उलथवण्याची योजना त्यांनी थांबवली नाही. उलट ती वाढत गेली आणि केनेडींच्या गळ्यात पडली.

ती क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज किनाऱ्यावर फसल्यावर, २२ एप्रिल १९६१ रोजी, केनेडींनी त्यांना कँप डेव्हिडला बोलावून सल्ला विचारला. आयझेनहॉवर यांचा पहिला महत्त्वाचा प्रश्न असा होता, की योजना मंजूर करण्यापूर्वी तुम्ही सगळ्यांना समोर बसवून साधकबाधक वाद करायला लावला होता का. केनेडींनी नाही म्हटले. मग हवाई संरक्षण का काढून घेतले, असे त्यांनी विचारले. अमेरिकेचा हात दिसू नये म्हणून, असे उत्तर आल्यावर, आपला यात काही संबंध नाही यावर जग विश्वास कसा ठेवील, असे ते म्हणाले. बैठक नीट झाली होती का आणि विमाने पुरेशी होती का, हे त्यांनी विचारले. क्यूबावर चाल करून जाण्याचा अधिकार आपल्याला होता का, हा प्रश्न त्या दोघांच्या बोलण्यात आल्याची नोंद मला कोठे आढळली नाही.